दरबारात आपलीच माणसे का दिसतात?

जानेवारी 2023 मध्ये नागपुरात बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींना श्याम मानव यांनी तीस लाखांचे आव्हान दिले, तेव्हा आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर जल्लोष झाला. भक्त म्हणजे बिनडोक, असे म्हणून सगळे मोकळे झाले. आम्हाला हे पटत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या वस्त्यांत फिरताना दरबारात जाणारी जी माणसे भेटतात, त्यांना धानाच्या बांधीचा हिशोब आपल्यापेक्षा चांगला कळतो.

मग ती जातात का? मुलाला मिरगी, नवरा दारूत, गटाच्या कर्जाचा हप्ता थकलेला, अशी एक बाई आम्हाला म्हणाली, "दवाखान्यात तोंडाकडं कोणी पाह्यत नाही जी. महाराज नाव घेऊन इचारते."

पहिल्या खेपेला तिच्याकडून पैसे घेतले नाहीत. फक्त अंगारा दिला. मग पाच गुरुवार सांगितले. मग नात्यातल्या दोघींना घेऊन ये म्हणाले, आणि त्यानंतर मुलाच्या गोळ्या बंद करायला लावल्या. गुण आला नाही तर तिची श्रद्धा कमी पडली. आता मागे फिरावे तर ज्यांना आपणच नेले त्यांना तोंड कसे दाखवायचे? माणूस भोळेपणाने आत जातो, पण लाजेने आत राहतो. हे शिकलेल्यांनाही लागू आहे. आसारामच्या मागे काय फक्त अडाणी होते?

आपल्याच भागात जुमदेवजी ठुब्रीकरांचा परमात्मा एक मार्ग पसरला. त्याला आम्ही या दरबारांच्या रांगेत बसवत नाही. ईश्वर मानण्यावर आमचा मतभेद आहे, तो वेगळा. पण दारू सोडण्याची अट आणि सोबतीला सेवकांचा समूह, याची घरांना किती गरज होती ते त्यावरून दिसते.

आणि आपण? 1954 ची पोटनिवडणूक बाबासाहेब याच भंडाऱ्यातून लढले, हे भाषणात सांगतो. बावीस प्रतिज्ञा म्हणतो. विहाराचे कुलूप मात्र जयंतीला, बुद्ध पौर्णिमेला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला निघते. मेलेले मूल घेऊन आलेल्या किसा गोतमीला बुद्धांनी मोहरीसाठी दारोदार पाठवले, आणि प्रत्येक घरात तिला दुसऱ्याचे दुःख ऐकायला मिळाले. आपल्या विहारात कोण कुणाचे ऐकतो?

दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. पण रोवणीच्या दिवसांत रात्री साप चावला तर गाडी कुणाची, हे कायदा सांगत नाही. वर्षावासाचे ग्रंथवाचन नेमके त्याच दिवसांत असते, माणसे रोज जमतात. वाचन संपल्यावर अर्धा तास बसा. कुणाच्या घरी काय चालले आहे ते विचारा. गाडीवाल्यांचे नंबर आणि सापाच्या विषावरची लस कोणत्या दवाखान्यात मिळते, ते भिंतीवर लिहा.

त्या बाईच्या मुलाच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. त्यासाठी आम्हाला सात वेळा तिच्या घरी जावे लागले. गुरुवारी ती अजूनही दरबारात जाते.