झोपेतला श्वास आणि मास्कचा भाव

शिबिरांची सवय असलेल्या कार्यकर्त्यांना एक व्यवस्था चांगली ठाऊक असते. रात्री सतरंज्या अंथरताना घोरणाऱ्यांची रांग निराळी लागते आणि सकाळी चहाच्या वेळी त्यांच्यावर यथेच्छ विनोद होतात. दुपारच्या सत्रात अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत डुलक्या घेणारा साथीही बहुधा त्याच रांगेतला असतो. त्याच्या निष्ठेविषयी नाही तरी त्याच्या उत्साहाविषयी मग शंका घेतली जाते. घोरणे म्हणजे गाढ झोप आणि गाढ झोप म्हणजे निश्चिंत मन, अशी आपली पिढीजात समजूत आहे. वैद्यकशास्त्र नेमके याच्या उलट सांगते. मोठ्याने घोरणारा, मध्येच एकदम शांत होणारा आणि मग धाप लागल्यासारखा दचकून श्वास घेणारा माणूस रात्रभर झोपलेलाच नसतो. तो श्वासासाठी झगडत असतो. डॉक्टर या विकाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होऊन मार्ग उघडतो आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. दहा सेकंद वा त्याहून अधिक काळ श्वास अडण्याचे किंवा मंदावण्याचे असे प्रसंग तासाला पाचांपेक्षा कमी असतील तर चिंता नाही. पंधराच्या पुढे विकार मध्यम आणि तीसच्या पुढे तीव्र समजला जातो. तीसची संख्या म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा गळा आवळला जाणे. सकाळी रुग्णाला यातले काहीही आठवत नाही, आठवते ते शेजारी झोपणाऱ्याला.

१५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईच्या एका रुग्णालयात निधन झाले, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी कारण म्हणून याच विकाराचे नाव घेतले होते. वृत्तपत्रांनी त्यांच्या सोन्याच्या साखळ्यांवर रकाने भरले. विकाराचे नाव दोन दिवसांत विसरले गेले. वस्तुतः तो विरळा नाही. जगातील ३० ते ६९ वर्षे वयाच्या सुमारे ९३ कोटी प्रौढांना तो कमीअधिक प्रमाणात असावा, असा अंदाज २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’च्या श्वसनविषयक नियतकालिकाने प्रसिद्ध केला, त्यांपैकी सुमारे साडेबेचाळीस कोटींचा विकार मध्यम वा तीव्र आहे. हा केवळ स्थूल धनिकांचा रोग, ही समजूतही चुकीची आहे. लठ्ठपणाने तो बळावतो हे खरे, पण हनुवटी मागे असलेल्या, घसा अरुंद असलेल्या सडपातळ माणसालाही तो होतो. स्त्रियांमध्ये, विशेषतः पाळी गेल्यानंतर, तो वाढतो. त्या घोरण्यापेक्षा थकवा, डोकेदुखी आणि झोप न लागणे यांची तक्रार करतात आणि मग त्यांच्या हाती शक्तिवर्धक गोळ्यांची चिठ्ठी पडते.

महागाई, बेकारी आणि शेतमालाचे भाव हे विषय सोडून पक्षाच्या साप्ताहिकाने घोरण्यावर का लिहावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. रामलीला मैदानावर झोपलेल्या नागरिकांवर पोलिसांनी जून २०११ मध्ये मध्यरात्री जी कारवाई केली, तिच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली झोप हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रात्रभर चाललेल्या सरकारी चौकशीसंदर्भात तेच तत्त्व पुन्हा सांगितले. जो हक्क पोलिसाने हिरावू नये, तो बाजाराने हिरावला तर त्याची दाद कोठे मागायची, हा आमच्या दृष्टीने पक्षाचाच विषय आहे.

बाजाराचा संबंध उपचाराशी येतो. १९८० साली सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी धूळ ओढणाऱ्या यंत्राचा पंखा उलटा फिरवून रुग्णाच्या नाकात मंद दाबाची हवा सोडली. त्या दाबाने घसा मिटेना, आणि घशाला भोक पाडण्याच्या शस्त्रक्रियेची वेळ येऊन ठेपलेला रुग्ण रात्रभर शांत झोपला. पुढल्या वर्षी पाच रुग्णांवरील हा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये आला. औषध नाही, चाकू नाही, केवळ हवा. लोक ज्याला सीपॅप मशीन म्हणतात ते हेच. चार ते वीस सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा दाब देणारी ही छोटीशी पेटी उशाशी बसते. सलिव्हन यांनी आरंभी प्रत्येक रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन स्वतंत्र मास्क बनवला आणि तो रोज रात्री चिकटवला. पुढे कारखानदारी आली आणि सर्व मानवजातीची नाके लहान, मध्यम व मोठे अशा तीन खोक्यांत बसवली गेली.

उपचार फसतो तो याच ठिकाणी. यंत्र निर्दोष चालत असते, पण रुग्णाला मास्क सोसत नाही. पहिल्या आठवड्यात नाकाच्या दांडीवर वळ उठतो, हवा निसटून डोळ्यांत जाते, तोंड कोरडे पडते, जीव गुदमरतो; दुसऱ्या आठवड्यात यंत्र कपाटावर जाते. रात्री किमान चार तास आणि शंभरातील सत्तर रात्री, एवढा वापर म्हणजे उपचार पाळला, असा वैद्यकीय व्यवहारातील रूढ आणि तसा उदार निकष आहे. तोही अनेकांना गाठता येत नाही. २०१६ मध्ये २,७१७ रुग्णांवरील एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सीपॅपमुळे हृदयविकार व पक्षाघात कमी झाल्याचे दिसले नाही, तेव्हा या यंत्राविषयी शंका घेणाऱ्यांना जोर चढला. परंतु त्या चाचणीतील रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच वापरले होते. दिवसाची झापड आणि मनःस्थिती त्यांचीही सुधारली. अर्धी रात्र घेतलेल्या औषधावरून पूर्ण रात्रीच्या गुणाचा निवाडा करणे आम्हाला सयुक्तिक वाटत नाही.

म्हणून मास्कची निवड ही किरकोळ बाब नव्हे. मास्क तीन तऱ्हांचे मिळतात. एक केवळ नाकपुड्यांना टेकणारा, दुसरा नाक झाकणारा, तिसरा नाक व तोंड दोन्ही झाकणारा. दुकानदार बहुधा तिसरा पुढे करतो, कारण तो दिसायला भरभक्कम आणि किमतीलाही तसाच. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत आरंभ नाकाच्या मास्कपासून करावा असे सुचवले आहे. तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये गळती अधिक, दाबही बहुधा अधिक लागतो आणि रुग्ण तो लवकर टाकतात. नाक कायम चोंदलेले असेल तर गोष्ट वेगळी. पण मग आधी नाकाचा इलाज करावा. भरघोस मिशीवर नाकाच्या मास्कची कड नीट बसत नाही. मराठवाड्यात मिशी काढा असे सांगण्याचे धाडस कोणत्याही डॉक्टरने करू नये. नाकपुड्यांना टेकणारा मास्क अशा वेळी उपयोगी पडतो. मास्क बसून नव्हे तर आडवे होऊन, यंत्र चालू ठेवून, कुशीवर वळून पाहावा. रात्री कवळी काढून ठेवणाऱ्याने ती काढूनच माप घ्यावे, कारण कवळीविना गालांची ठेवण बदलते. गळती झाली की पट्टे आवळण्याचा मोह होतो. आवळल्याने सिलिकॉनची गादी चुरगळते आणि गळती वाढते. पट्टे सैल करून गादी पुन्हा फुलू द्यावी. काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाचे चाप असतात. हृदयात पेसमेकर किंवा डोक्यात धातूची क्लिप बसवलेल्यांनी ते वापरू नयेत, असा इशारा कंपन्यांनीच २०२२ पासून दिला आहे, आणि ही गोष्ट विकताना सांगितली गेली पाहिजे.

सवयीचेही असेच आहे. प्रस्तुत लेखक काही वर्षे या यंत्राच्या सोबतीने झोपतो, म्हणून हे अधिकाराने सांगता येते की पहिल्या रात्रीच आठ तासांचा संकल्प करणे निरर्थक आहे. प्रथम दिवसा, वाचत बसलेले असताना, नुसता मास्क लावावा, मग यंत्र जोडावे, मग दुपारची वामकुक्षी, त्यानंतर रात्र. बहुतेक यंत्रांत दाब हळूहळू चढवण्याची सोय असते, ती वापरावी. घसा कोरडा पडत असेल तर हवा ओलसर करणारे भांडे जोडावे आणि त्यात ऊर्ध्वपातित पाणीच घालावे, बोअरचे क्षारयुक्त पाणी नव्हे. गादी रोज धुवावी असे पुस्तिकेत छापलेले असते. ज्या शहराने नळाच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे आठवडा आठवडा वाट पाहिली, त्या आमच्या शहरात ही सूचना वाचून कोणालाही हसू येईल. तरी ओल्या फडक्याने पुसणे जमण्यासारखे आहे. हे सारे रुग्णाला समजावून सांगायला कोणी तरी अर्धा तास द्यावा लागतो. आपल्याकडे तो अर्धा तास कोणीच देत नाही. डॉक्टर दुकानाकडे बोट दाखवतो, दुकानातला मुलगा खोके उघडतो, पैसे घेतो आणि उघडलेला मास्क परत घेतला जात नाही असे नम्रपणे सांगतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवे काही नाही. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते की वैद्यकीय सेवेचा बाजार भाजीच्या बाजारासारखा चालत नाही, कारण विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते. येथे तर आणखी एक गाठ आहे. यंत्र एकदा विकले जाते, पण मास्कची गादी काही महिन्यांत झिजते आणि यंत्र घेऊन बसलेल्या माणसाला ती कोणत्याही भावाने घ्यावीच लागते. यंत्राला तीस-चाळीस हजारांपासून लाखापर्यंत आणि मास्कला तीन-चार हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत पैसे पडतात. माल मुख्यतः मोजक्या परदेशी कंपन्यांचा. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे कायद्याने औषधांच्या कक्षेत आली आणि त्यांची छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. पण मुळात छापलेली किंमत रास्त आहे काय, हे कोण पाहणार? जून २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, प्राणवायू तयार करणाऱ्या यंत्रांवरील व्यापारी नफा १९८ टक्क्यांपर्यंत जातो हे सरकारनेच सांगितले आणि ७० टक्क्यांची मर्यादा घातली. पुढल्याच महिन्यात रक्तदाबमापक, ग्लुकोमीटर, नेब्युलायझर आदी पाच उपकरणांना तीच मर्यादा लागली. त्यांत नफा ७०९ टक्क्यांपर्यंत आढळला होता. सीपॅप व त्याचे मास्क मात्र या यादीत आले नाहीत. डॉ. लोहियांनी ‘दाम बांधो’चा आग्रह धरताना कारखानदारी मालाचा भाव उत्पादनखर्चाच्या दीडपटीपलीकडे जाऊ नये असे म्हटले होते. वितरकाच्या भावावर सत्तर टक्के हे त्या मागणीच्या मानाने फारच मवाळ बंधन आहे. तेवढेही या क्षेत्रात नसावे, याला आमचा आक्षेप आहे. २०१७ मध्ये हृदयातील औषधी स्टेंटचा भाव २९,६०० रुपयांवर बांधला तेव्हा रुग्णालये बंद पडली नाहीत, हेही ध्यानात घ्यावे.

राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची रचना रुग्णालयात दाखल होण्याभोवती आहे. घरी, रोज, आयुष्यभर लागणारे यंत्र त्या चौकटीत बसत नाही. पक्षाघात होऊन दाखल झालात तर योजना खर्च उचलील. पक्षाघाताचा धोका वाढवणारा विकार घरी आवरायचा असेल तर तुमचे तुम्ही पाहा. केंद्र सरकारच्या नोकरांना व निवृत्तांना त्यांच्या आरोग्य योजनेतून सीपॅपच्या खर्चाची भरपाई मिळते, आणि ती मिळालीच पाहिजे. पण वाळूजच्या कारखान्यात तीन पाळ्यांत राबणाऱ्या कंत्राटी कामगाराचा घसा केंद्रीय सचिवाच्या घशापेक्षा निराळा मिटतो काय? ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा मध्यम व तीव्र विकाराच्या रुग्णाला हे यंत्र विनामूल्य वापरायला देते. आमच्याकडे २०२१-२२ च्या सरकारी आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील ३९.४ टक्के भाग नागरिक अजून स्वतःच्या खिशातून भरतात, आणि सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे २०१७ च्या धोरणातील आश्वासन २०२५ साल उलटून गेले तरी कागदावरच आहे.

वाहनचालकांचा प्रश्न तर केवळ त्यांचा नाही. समृद्धी महामार्ग आमच्या शहराजवळून जातो; ७०१ किलोमीटरचा तो सरळसोट रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्यावर रात्रभर मालमोटारी चालवणाऱ्याच्या आरोग्य प्रमाणपत्रात दृष्टी, रंगज्ञान, श्रवण यांची चौकशी असते. झोपेत श्वास अडतो का, हे कोणी विचारत नाही. विचारले तरी चालक खरे सांगणार नाही, कारण खरे सांगणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडणे. तपासणी सक्तीची करायची तर उपचार फुकट आणि नोकरीची हमी, या दोन गोष्टी तिच्याबरोबर आल्या पाहिजेत. नाही तर तपासणी हे मालकाच्या हातातले आणखी एक हत्यार होईल. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाला आठ तासांचा दिवस दिला होता. तो किती चालकांना मिळाला, हे कोणत्याही ढाब्यावर विचारावे.

घाटी रुग्णालयाकडे मराठवाड्यातल्या गरिबाची वाट वळते. तेथे निद्रातपासणी विनामूल्य व्हावी आणि तिला जोडून मास्क लावून पाहण्याची एक खोली असावी, अशी मागणी शहर शाखेने अधिष्ठात्यांकडे लेखी करावी. तीनही तऱ्हांचे, सर्व मापांचे नमुने, एक खाट, एक यंत्र आणि समजावून सांगणारी एक प्रशिक्षित परिचारिका, एवढ्याने काम होते. यासाठी अर्थसंकल्पाची वाट पाहण्याचे कारण नाही. नफामर्यादेच्या यादीत सीपॅप व मास्क घालावेत यासाठी राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाकडे निवेदन पाठवता येईल, आणि कामगार विमा योजनेतील सभासदांनी आपल्या रुग्णालयात हे यंत्र मिळते काय याची चौकशी संघटनेमार्फत करावी. दरम्यान अनेक घरांत टाकून दिलेली यंत्रे धूळ खात आहेत. ती गोळा करून गरजूंना वापरायला देणारी पेढी आपली एखादी शाखा सहज चालवू शकेल. मात्र गादी व नळी प्रत्येकाला नवी द्यावी, दाब डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा, आणि यंत्र स्वीकारताना त्याच्या तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक आधी पाहावा. फिलिप्स कंपनीने आतील फेस झिजून श्वासात जाण्याच्या भीतीने जून २०२१ मध्ये जी यंत्रे जगभरातून परत मागवली, त्यांपैकी ते निघाले तर कोणालाही देऊ नये.