‘फिट’ कुणी व्हायचे?

नोकरी नाकारण्यासाठी हल्ली एक सभ्य शब्द सापडला आहे : ‘कल्चर फिट’. उमेदवार हुशार आहे, अनुभवही आहे, पण ‘आमच्या वातावरणात बसत नाही’. या उत्तरावर दाद मागता येत नाही. काय कमी पडले ते सांगावे लागत नाही आणि ऐकणारा बिचारा स्वतःतच खोट शोधत घरी जातो.

माणूस आणि काम यांचा मेळ बसावा, याला माझा विरोध नाही. आकडेमोडीत रमणाऱ्याला दारोदार विक्रीला पाठवू नये, हे शहाणपणच आहे. पण मेळ कामाशी बघा. डब्यातल्या भाजीशी, आडनावाशी किंवा दाढीशी नको.

सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आठवा. वर्तमानपत्रांत आलेल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, बदलली फक्त नावे. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत पुढचे बोलावणे येण्याची शक्यता दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश, तर मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश होती. मुलाखत झालेली नव्हती, चेहरा कुणी पाहिला नव्हता. मग ‘कल्चर’ कुणाचे तपासले? संविधानाचे १६ वे कलम सरकारी नोकरीत समान संधीची हमी देते. खासगी कचेरीच्या दारात ते थांबते. या शब्दाचे फावते ते तिथेच.

आमच्या मोहल्ल्यातही सगळे आलबेल नाही. ‘अपना आदमी’ बघून कामावर ठेवणारे शेठ आमच्यातही आहेत. दुसऱ्याने केला तर अन्याय आणि आपण केला तर बिरादरी, असा हिशेब मला मान्य नाही.

‘सगळ्यांना सामावून घेत बसलो तर काम कसे होणार?’ असे कुणी विचारेल. अमेरिकन हवाई दलाने याचे उत्तर १९५० च्या सुमारास शोधले. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण अधिकाऱ्याने ४,०६३ वैमानिकांची दहा मापे सरासरीशी ताडून पाहिली. दहाही मापांत सरासरीत बसणारा एकही वैमानिक निघाला नाही. त्यानंतर बदलायला लावले ते कॉकपिटला : मागे-पुढे सरकणाऱ्या सीट आल्या, पट्टे आणि पेडल जुळवून घेता येऊ लागले. लष्करासारख्या शिस्तीच्या ठिकाणी हे जमले, मग आपल्या कचेरीला का जमू नये?

केरळमध्ये कापड दुकानांतल्या बायकांना दिवसभर उभे राहावे लागे. त्या लढल्या, तेव्हा २०१८ साली कायदा बदलून त्यांना बसण्याचा हक्क मिळाला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसाच कायदा केला. साध्या स्टुलासाठी कायदा करावा लागतो, यातच ‘वातावरण’ म्हणजे काय ते आले. ते आकाशातून पडत नाही. मालक ठरवतो, म्हणून ते बदलताही येते.

माझी मागणी साधी आहे. एखाद्याला नाकारायचे असेल तर त्याला कोणते काम जमणार नाही, ते कागदावर लिहून द्या. लिहायला काही सापडत नसेल, तर तो माणूस त्या कामाला फिट आहे. दुरुस्ती तुमच्या कचेरीत करायला हवी.