पगाराआधीचे पैसे कोण देणार?

पालघर जिल्ह्यातल्या सूर्यमाळचा मुलगा पदवीधर होतो, तेव्हा त्याच्या हातात मुंबई विद्यापीठाचीच पदवी असते. मोखाड्याचे रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय असो की जव्हारचे गोखले एज्युकेशन सोसायटीचे, दोन्ही मुंबईतल्या अनेक कॉलेजांच्याच विद्यापीठाला जोडलेली. कागद सारखाच. फरक सुरू होतो तो निकालानंतर.

या मुलाला बोईसरला किंवा ठाण्याला नोकरी लागली असे धरून चालू. खोलीचे डिपॉझिट, पहिले भाडे आणि खाणावळीचे पैसे आधी मोजावे लागतात. पगार महिना भरल्यावर, कधी त्याहूनही उशिरा. घरून काय येणार? जव्हार-मोखाड्यात नव्वद टक्क्यांहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे. भात-नागली घरात आली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जगायला जातात. भट्टीमालक कामाआधी उचल देतो. ती पुढे गळ्याचा फास होते, हे खरेच. पण गरजेच्या दिवशी रोकड हातावर ठेवणारा तोच असतो. कंपनी नेमणूकपत्र देते, उचल देत नाही. अशा वेळी शिकलेला मुलगाही आईबापांबरोबर भट्टीवर दिसला, तर त्याला न्यूनगंड आहे, मुलाखतीचे तंत्र अवगत नाही, असली निदाने करण्यात अर्थ नाही. तरी आपण याच निदानांवर शिबिरे भरवतो, प्रमाणपत्रे वाटतो आणि फोटो काढतो.

सरकारी नोकरीची वाट पाहावी, तर ती वाट या पोरांनी पाहिलेलीच आहे. ९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातल्या तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशा पदांवर स्थानिक आदिवासी उमेदवारांना हक्क दिला. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि भरती रखडली. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उडी घेतली, त्यामागच्या मागण्यांत ही भरतीही होती. उपाध्यक्षांनाच जाळीवर उतरावे लागते, तिथे बी.ए. झालेल्या पोराची काय कथा!

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा १० हजार रुपये विद्यावेतन मिळते. ते उपयोगी आहेच. पण गावच्या कार्यालयात काही महिने काम करून पुढे काय, हा प्रश्न उरतोच, कारण प्रशिक्षणानंतर नोकरीची हमी नाही.

खरा धागा आदिवासी विकास विभागाच्याच हातात आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी २०१६ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत राहणाऱ्याला तिच्यातून वर्षाला ६० हजार रुपये ठरले, म्हणजे महिन्याला पाच हजार. शिक्षण संपले की हा आधार सुटतो, नेमका गरज वाढते तेव्हा. नेमणूकपत्र दाखवणाऱ्याला तो आणखी तीन महिने द्यावा. माणशी १५ हजार लागतील.

बाकीचा भार कारखानदारांनी उचलावा. तारापूरची औद्योगिक वसाहत याच जिल्ह्यात आहे. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण जोडले आहे. मोखाड्याच्या विद्यार्थ्याने ते मोखाड्यातच उरकायचे ठरले, तर एखाद्या कार्यालयात कागद लावण्यापलीकडे त्याच्या पदरी फारसे पडणार नाही. त्याला राहण्याच्या सोयीसह तारापूरला नेले, तर निदान शिफ्ट म्हणजे काय, पगारपत्रकात कोणत्या कपाती असतात, सुपरवायझरशी कसे बोलायचे, हे तो पदवीआधीच शिकेल. शिवाय नोकरीची जागा निघाल्यावर फोन करायला कुणी ओळखीचा माणूस असेल. शहरातल्या मुलाला ही ओळख काका-मामांकडून फुकट मिळते.

३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली, तेव्हा लाखो रोजगारांची भाषा झाली. बंदराला मच्छीमारांचा विरोध आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण बंदर होणारच असेल, तर त्यातल्या कारकुनी, लेखा आणि गोदाम व्यवस्थापनाच्या जागांसाठी जव्हार-मोखाड्याच्या कॉलेजांतली मुले कोणत्या वर्षापासून तयार करायची, हे बंदर प्रशासनाने आणि जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने आताच एकत्र बसून ठरवायला हवे. जाहिरात निघाल्यावर बैठक बोलावली, तर तोवर गाड्या भरून बाहेरची माणसे आलेली असतील.