मैदान गावाचं, सभासदत्व आपलं?

गेल्या महिन्यात एका शाळकरी मित्राचा व्हॉट्सअॅपवर भलामोठा व्हॉइस मेसेज आला. आमच्या जुन्या उपनगरातली पालिकेची व्यायामशाळा, तिच्यामागचा बॅडमिंटन हॉल आणि शेजारचं मैदान आता पालिका ‘स्थानिक संस्थे’कडे चालवायला देणार आहे म्हणे. हॉलचं छप्पर तीन पावसाळे गळतंय, मैदानात लग्नाचे मांडव पडतात, रखवालदार निवृत्त झाला त्याच्या जागी कुणी आलंच नाही. म्हणून जुन्या मुलांनी मिळून संस्था काढलीय. पैसे हवेत, आणि परदेशात असलेल्यांसाठी खास योजना आहे: दोन लाख रुपये भरा आणि आजीव सभासद व्हा. शेवटी मित्र हसत म्हणाला, “सुट्टीला येशील तेव्हा लाइन लावायला नको, डायरेक्ट कोर्ट!”

मेसेज ऐकला तेव्हा मी अल क्वोजमध्ये एका गोदामाबाहेर गाडीत बसलो होतो. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, दुबईच्या शेख झायेद रस्त्याच्या आत गोदामं, गॅरेज, सुतारकामाचे कारखाने आणि मजुरांच्या वसाहती यांचा हा पट्टा. गेल्या काही वर्षांत यातल्या बऱ्याच गोदामांत बॅडमिंटनची कोर्टं आणि इनडोअर क्रिकेटच्या जाळ्या आल्या आहेत. तासाचे पैसे मोजायचे, खेळायचं, घरी जायचं. पालिकेच्या बागाही चांगल्या आहेत. झबील पार्कला पाच दिरहॅम भरले की कुणीही आत. त्या बागेत काय हवं, काय नको, हे मात्र आम्हाला कुणी विचारत नाही, आणि विचारावं अशी अपेक्षाही आम्ही करत नाही. रविवारी सकाळी वसाहतींमागच्या मोकळ्या वाळूवर टेप गुंडाळलेल्या टेनिस बॉलने क्रिकेट चालतं. तिथे एखाद दिवशी पत्र्याचं कुंपण उभं राहिलं की ती पोरं मुकाट्याने दुसरी जागा शोधतात.

त्यामुळे “आपलं मैदान आपण चालवू” हे ऐकून आधी छाती भरून आली, खोटं कशाला बोलू? त्याच व्यायामशाळेत महिना दोन रुपये फी भरून मी मल्लखांबाला तेल लावलेलं आहे. पण रात्री शांतपणे विचार केला तेव्हा ते दोन लाख टोचायला लागले.

मुंबईत हा प्रयोग होऊन गेलाय, आणि एकदा नव्हे. उद्यानं, मैदानं दत्तक देण्याचं धोरण महापालिकेत अनेक वर्षं या ना त्या रूपात फिरतंय. जुन्या ‘केअरटेकर’ पद्धतीत तर जागा सांभाळणाऱ्याला काही भागावर बांधकाम करून क्लब चालवायची मुभा होती. कागदावर हे सगळे ‘स्थानिक संस्था’च. प्रत्यक्षात काही ठिकाणी त्या संस्थांवर राजकारण्यांची माणसं बसली, क्लबहाऊस उभं राहिलं, सभासद फी लाखांत गेली, आणि पालिकेच्या जागेच्या फाटकावर ‘फक्त सभासदांसाठी’ अशी पाटी लागली. जानेवारी २०१६ मध्ये नवं दत्तक धोरण मंजूर झालं तेव्हा नागरिकांनी एवढा गहजब केला की मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. आधी दिलेले भूखंड परत घ्यायलाही सांगितलं गेलं. असे भूखंड दोनशेच्या वर होते. २०२३ मध्ये पुन्हा नवा मसुदा आला आणि पुन्हा विरोध झाला. तेव्हा तर पालिकेत नगरसेवकच नव्हते. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली होती आणि कारभार प्रशासकाच्या हाती होता. म्हणजे दरडोई मोकळी जागा दोन चौरस मीटरही न भरणाऱ्या शहरात मैदानं कुणाला द्यायची, हे निवडून न आलेले लोक ठरवणार होते.

उलटं उदाहरणही मुंबईतच आहे. ओव्हल मैदानाची नव्वदच्या दशकापर्यंत अगदी रया गेली होती. जवळपासच्या रहिवाशांच्या संघटनेने सरकारला कोर्टात खेचलं आणि देखभाल स्वतःकडे घेतली. आज तिथे कुठल्याही गल्लीतली पोरं स्टंप ठोकतात आणि मधल्या वाटेने चर्चगेटकडे जाणाऱ्या माणसाला “तू कुठला?” असं कुणी विचारत नाही. मालकी सरकारचीच राहिली. क्लबहाऊस नाही, त्यामुळे भांडायला फारसं काही नाही, असं माझा एक मुंबईकर सहकारी म्हणतो. त्यात तथ्य आहे.

इंग्लंडमधल्या वाचकांना हा विषय नवा नाही. तिथे पालिकांची तिजोरी रिकामी झाली म्हणून पोहण्याचे तलाव आणि क्रीडासंकुलं लोकांकडे सोपवली जातात. न्यूकॅसलमधल्या जेसमंडचा तलाव पालिकेने १९९१ मध्ये बंद केला, रहिवाशांनी पुढच्याच वर्षी तो उघडला आणि स्वतः चालवायला घेतला. लीड्सचं ब्रॅमली बाथ्स हे १९०४ सालचं स्नानगृह २०१३ पासून लोकांची संस्था चालवते. दोन्ही ठिकाणी तिकीट काढून कुणीही पोहू शकतं. पण हे दिसतं तितकं सोपं नाही. विजेचे आणि गॅसचे दर भडकले तेव्हा असे तलाव इतके अडचणीत आले की २०२३ मध्ये सरकारला इंग्लंडमधल्या सार्वजनिक तलावांसाठी सहा कोटी पौंडांहून जास्त मदत काढावी लागली. जागा लोकांकडे दिली म्हणून सरकारी पैशाची गरज संपली नाही.

आता मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक बघा: ७४,४२७ कोटी रुपये. अशा पालिकेने बागेच्या माळ्याला पगार परवडत नाही म्हणणं मला तरी पटत नाही. आमच्या उपनगरातली पालिका इतकी श्रीमंत नाही, मान्य. पण छप्पर आणि रखवालदार एवढं तिला नक्कीच जमायला हवं. संस्थेने काय करायचं? वेळापत्रक ठरवायचं, प्रशिक्षक नेमायचा, मुलींच्या बॅचला संध्याकाळची सोयीची वेळ मिळते का ते बघायचं, मांडववाल्याला हाकलायचं. हे काम पालिकेच्या साहेबांपेक्षा गल्लीतली माणसं दसपट चांगलं करतील, याबद्दल मला शंका नाही.

माझी शंका आपल्याबद्दल आहे, आपण परदेशातले लोक. आपल्यातल्या पुष्कळांचे फ्लॅट तिथे कुलूपबंद पडून आहेत. आपण वर्षातून पंधरा दिवस जातो आणि त्या पंधरा दिवसांत सगळं झटपट हवं असतं. आजीव सभासदत्व ही आपल्याला नेमकी रुचणारी वस्तू आहे. दोन लाख म्हणजे इथले साधारण आठ-नऊ हजार दिरहॅम. काहींना जड, काहींना मुलांच्या एका टर्मची फी. अशी शंभर माणसं मिळाली की संस्थेकडे दोन कोटी जमतात. छप्पर होतं, वर एसीही लागतो. मग शंभर जणांना काहीतरी द्यावं लागतं. सकाळचे दोन तास राखीव होतात, पुढे संध्याकाळचे. मैदानामागच्या चाळीतल्या मुलाला दुपारी बाराचं ऊन उरतं. यात कुणी चोर असण्याची गरज नाही. सगळे सज्जन असले तरी हे असंच होतं, कारण पैसे ज्यांचे घेतले त्यांना उत्तर द्यावं लागतं आणि फुकट खेळणाऱ्याला कुणीच बांधील नसतं.

शिवाय कायद्याच्या दोन गोष्टी, ज्या अशा मेसेजमध्ये कधीच नसतात. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्यांनी परकीय नागरिकत्व घेतलंय, त्यांच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरी, त्यांची देणगी परदेशी ठरते. ती घ्यायला संस्थेची एफसीआरए नोंदणी लागते, आणि कालपरवा काढलेल्या संस्थेकडे ती कुठून असणार? दुसरं इथलं. यूएईमध्ये परवाना नसताना देणग्या गोळा करणं गुन्हा आहे. मित्राने मला “तिकडच्या ग्रुपवर टाक ना, पन्नास जण तरी जमतील” असं सांगितलं होतं. मी टाकलं नाही. तुम्हीही टाकू नका, हेतू कितीही चांगला असो.

मी मित्राला उत्तर लिहिलं. माझ्या खात्यातून पंचाहत्तर हजार देतो, पण देणगी म्हणून. सभासदत्व नको, मलाही नको आणि कुणालाच आजीव नको. वर्षाची फी ठेवा, चाळीतल्या आईला परवडेल एवढी, आणि सुट्टीला आल्यावर मी रोजचं तिकीट काढून रांगेत उभा राहीन. पालिकेशी करार पाच वर्षांचा करा, तीसचा नको. छप्पर आणि रखवालदार पालिकेच्याच माथी ठेवा आणि तसं करारात लिहून घ्या. ट्रस्टचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातातच, पण तेच कागद व्यायामशाळेच्या फळ्यावरही लावा. आणि कार्यकारिणीत मैदानामागच्या चाळीतलं कोण आहे, ते कळव.

दोन दिवस निळ्या खुणा दिसत होत्या, उत्तर नाही. मग फोन आला. आधी चिडलाच होता. “तिथे एसीत बसून शहाणपण सांगतोस. इथे पालिकेत चकरा मारून चपला झिजल्या आमच्या.” त्याचं खरंच आहे, फाइल तोच घेऊन फिरतोय. कार्यकारिणीत अकरा जण आहेत आणि चाळीतलं एकही नाही, हेही त्याने कबूल केलं. “त्यांना कुणी विचारलंच नाही रे,” म्हणाला, “कुणाच्या डोक्यातच आलं नाही.” मी विचारलं, की आपल्याबरोबर मल्लखांबाला होता तो, ज्याची आई मैदानाच्या कोपऱ्यावर वडे तळायची, तो अजून तिथेच राहतो का? राहतो, म्हणाला. त्याचा मुलगा आता तिथल्या पोरांना संध्याकाळी शिकवतो, बिनपगारी.

रविवारी ऑनलाइन बैठक आहे, भारतात रात्रीचे नऊ, इथले साडेसात. आजीव सभासदत्वाचा विषय पहिलाच ठेवलाय. मस्कत, दोहा आणि स्लाव्हमधले आमचे आणखी चौघं येणार आहेत. त्यातल्या दोघांनी पैसे आधीच भरलेत, त्यामुळे बैठक गोड होणार नाही. वडेवालीच्या मुलाला लिंक पाठवायचं काम मित्राने माझ्यावर टाकलंय.