हातासाठी वाद्य की वाद्यासाठी हात?

एखादे जुने वाद्य चोरीस जावे, पन्नास वर्षांहून अधिक काळ बेपत्ता राहावे आणि ते सापडल्याच्या वार्तेने देशोदेशींच्या रसिकांना आनंद व्हावा, असे क्वचितच घडते. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी अशीच वार्ता प्रसिद्ध झाली. ते वाद्य म्हणजे एक बेस गिटार आणि तिचे धनी म्हणजे ‘बीटल्स’ या इंग्लंडमधील विख्यात वाद्यवृंदाचे पॉल मॅकार्टनी. वृत्तपत्रांनी चोरीची आणि शोधाची हकीकत रंगवून सांगितली. मला मात्र त्या गिटारच्या चरित्रात आपल्या वर्गातील बाकांपर्यंत येऊन पोहोचणारा एक प्रश्न दिसला. तो विद्यार्थ्यांपुढे, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या पालकांपुढे, मांडावा असे वाटते.

मॅकार्टनी डावखुरे आहेत. १९४२ साली लिव्हरपूल येथे जन्मलेल्या या मुलाला वडिलांनी प्रथम ट्रम्पेट दिला होता. परंतु तोंडाशी ट्रम्पेट असता गाणे म्हणता येत नाही, म्हणून त्याने तो देऊन गिटार घेतली. ती होती उजव्या हाताने वाजवावयाची. काही केल्या हात बसेना. पुढे स्लिम व्हिटमन या अमेरिकन गायकाचे एक चित्र त्याच्या पाहण्यात आले. व्हिटमन गिटार उलट्या बाजूने धरीत. तेव्हा कोठे त्या मुलाला उमगले, की दोष हातात नाही, तारांच्या क्रमात आहे. त्याने तारा काढून उलट्या क्रमाने चढविल्या आणि वाद्य वश झाले.

१९६१ साली हा वाद्यवृंद जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात रात्रीच्या मैफली करीत होता. बेस गिटार वाजविणारे स्टुअर्ट सटक्लिफ वाद्यवृंद सोडून गेले आणि ते काम मॅकार्टनींकडे आले. बेस गिटारला चार जाड तारा असतात. तिचे स्वर खर्जातले असतात आणि सगळ्या गाण्याचा डोलारा तिच्यावर उभा असतो. चांगली अमेरिकन बेस गिटार त्या काळी शंभर पौंडांच्या घरात जाई. मॅकार्टनींनी सुमारे तीस पौंडांत होफ्नर या जर्मन पेढीची एक गिटार घेतली. ही पेढी मूळची व्हायोलिन बनविणाऱ्यांची, त्यामुळे त्या गिटारचा आकारही व्हायोलिनसारखा होता. अंग आतून पोकळ, म्हणून वजनाला हलकी. आणि विशेष म्हणजे तिच्या दोन्ही बाजू सारख्या. डाव्या हाताने वाजविण्यासाठी धरली तरी ती विद्रूप दिसत नाही, हेही ती पसंत पडण्याचे एक कारण असल्याचे मॅकार्टनींनी स्वतः सांगितले आहे.

या स्वस्त वाद्यावर बीटल्सच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. १९६३ साली त्याच जातीची दुसरी गिटार आली आणि पहिली राखीव झाली. परंतु ती अडगळीत टाकली नाही. १९६४ मध्ये तिची डागडुजी करण्यात आली. अंगावर गडद रंगाचा नवा लेप चढला, आणि तारांची कंपने टिपणारे दोन्ही पिकअप एकाच नव्या लाकडी चौकटीत बसविण्यात आले. पुढे १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनमध्ये उभ्या असलेल्या एका गाडीतून ती चोरीस गेली. अखेरीस ती सापडली ती एका घराच्या माळ्यावर. दुरुस्तीनंतर १९ डिसेंबर २०२४ रोजी मॅकार्टनींनी, वयाच्या ८२ व्या वर्षी, लंडनच्या रंगमंचावर ती पुन्हा वाजविली.

दुसऱ्या गिटारचीही हीच कथा. तिच्यावरील संरक्षक पट्टी पुढे काढून टाकण्यात आली. १९६६ च्या दौऱ्यातील गाण्यांच्या क्रमाचा कागद तिच्या कडेला चिकटविला, तो तसाच राहिला. या जातीच्या गिटारची घोडी लाकडी असते, आणि दांडीवर वरच्या पट्टीत जावे तसा स्वर किंचित ढळतो. पुढे न्यू यॉर्कमधील कारागिरांनी हा दोष दूर करून दिला आणि वाद्य पुन्हा मैफलीत आले.

या साऱ्या फेरफारांत एक गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. तारा बदलल्या, रंग बदलला, चौकट बदलली, स्वर नीट करून घेतले. हात मात्र कोणी बदलला नाही. वाद्य हातासाठी असते, हात वाद्यासाठी नव्हे, हा साधा न्याय येथे पाळला गेला.

आपल्याकडे हा न्याय आपण पाळतो काय? अजित वाडेकर डाव्या हाताने फलंदाजी करीत. १९७१ साली त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकल्या, तेव्हा त्यांच्या हाताला कोणी नावे ठेविली नाहीत. परंतु घरातील लेकराने डाव्या हातात पेन्सिल धरली, की आजीपासून शेजाऱ्यापर्यंत सर्वांस काळजी वाटू लागते. इतरांना दोष देण्यापूर्वी स्वतःचा दोष सांगणे उचित होय. शिक्षकी पेशातील माझ्या पहिल्या वर्षी एका मुलाच्या डाव्या हातातील पेन्सिल काढून मी ती त्याच्या उजव्या हातात दिली होती. त्याने मान खाली घालून आज्ञा पाळली. महिनाभरात त्याचे अक्षर तर बिघडलेच, पण मोठ्याने उत्तर देण्याची त्याची सवयही सुटली. चूक उमजल्यावर पेन्सिल मी त्याच्या डाव्या हातात परत दिली. गेलेला धीटपणा परत यावयास मात्र पुष्कळ दिवस लागले.

कोणी म्हणेल, ‘जग उजव्या हाताचे आहे, मुलाला वेळीच वळण लावलेले बरे.’ याचे उत्तर त्याच वाद्यवृंदात आहे. बीटल्सचे ढोलवादक रिंगो स्टार हेही डावखुरेच. त्यांच्या आजीने त्यांना उजव्या हाताने लिहावयास लाविले आणि ढोलही ते उजव्या हाताच्या मांडणीचेच वाजवितात. तथापि त्यांच्या वादनात जी अनोखी वळणे ऐकू येतात, त्यांचे श्रेय ते स्वतः आपल्या डावखुरेपणाला देतात. आजीने लेखणी बदलली, पण डावा हात आपली ओळख विसरला नाही. मग जे मिटत नाही आणि ज्यात अपाय नाही, ते मिटविण्यासाठी मुलाला रडविण्यात काय अर्थ आहे?

जेवताना वा प्रसाद घेताना उजवा हात पुढे करावा, ही ज्या त्या घराची रीत आहे. तिच्याशी माझा वाद नाही. माझा आग्रह लेखणी, कुंचला, कात्री आणि वाद्य यांपुरताच आहे. त्यासाठी फारसा खर्चही नाही. डावखुऱ्या मुलाला बाकाच्या डाव्या टोकाला बसवावे, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी त्याचे कोपर भिडत नाही. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे त्याचा हात ओल्या शाईवरून फिरतो. वही थोडी उजवीकडे कलती ठेवावयास शिकवावे, म्हणजे अक्षर झाकले जात नाही आणि पुसलेही जात नाही. आणि घरी एखादे वाद्य शिकावयाचे असेल, तर तारा उलट्या चढविता येतात काय, हे आधी विचारावे.

कीर्ती मिळाल्यावर सर्वच अनुकूल होते. १९६५ साली एका अमेरिकन पेढीने मॅकार्टनींना डाव्या हाताची गिटार भेट दिली. परंतु लिव्हरपूलच्या त्या अनोळखी मुलासाठी कोणी काही बनविले नव्हते. तारा त्याच्या त्यानेच उलट्या केल्या, आणि तसे करताना त्याला कोणी थांबविले नाही. आपल्या घरांतील, आपल्या वर्गांतील मुलांसाठी आपण निदान एवढे तरी करू या.