‘पडला’ म्हणून आणलेलं लेकरू

या पानावर एरवी पेरणी, पाणी आणि बाजारभावाची चर्चा होते. आजचा विषय वेगळा आहे, पण गावाबाहेरचा नाही. ग्रामीण रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्री-अपरात्री एखादं लेकरू आणतात. हात मोडलेला, अंग भाजलेलं, नाहीतर पाठीवर वळ उठलेले. बरोबरचा माणूस सांगतो, “खेळताना पडला.” बहुतेक वेळा ते खरंच असतं. पोरं झाडावर चढतात, बैलगाडीला लोंबकळतात, पडतात. पण काही वेळा ते खरं नसतं. अशा वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही, तर लेकरू प्लास्टर घालून त्याच घरी, त्याच माणसाच्या हाती परत जातं. पुढच्या खेपेला ते कोणत्या अवस्थेत येईल, ते सांगता येत नाही.

डॉक्टरमंडळींनाही हे ओळखायला वेळ लागला. डोक्यात रक्त साकळलेल्या काही तान्ह्या मुलांची हातापायांची हाडंही मोडलेली असतात, हे जॉन कॅफी या अमेरिकन डॉक्टरांनी १९४६ मध्ये मांडलं. पण यामागे घरच्याच माणसाचा हात असू शकतो, हे हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठामपणे सांगेपर्यंत १९६२ साल उजाडलं. आपल्याकडे केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये एक अहवाल काढला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केला होता. दर तीन मुलांमागे दोघांनी मार खाल्ल्याचं त्यात नोंदवलं आहे. तेव्हा “आमच्याकडे असं काही नसतं” हे म्हणणं सोडून द्यायला हवं.

हे ओळखायचं कसं? शेतकरी पान घेऊन आला की आम्ही विचारतो, डाग कोणत्या पानांवर आहे, वरच्या की खालच्या, कधीपासून, फवारलं काय होतं. सांगितलेली हकीकत आणि पानावरचा डाग यांचा मेळ बसला नाही तर शेतावर जाऊन बघतो. लेकराच्या बाबतीतही मेळच बघायचा असतो.

पहिली गोष्ट वयाची. जे मूल अजून रांगत नाही, ते आपणहून पडणार कुठून? चार महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर एकही काळानिळा डाग दिसला तर डॉक्टरांनी तो हसण्यावारी नेऊ नये. चालत्या-पळत्या पोराला नडगीला, गुडघ्याला, कपाळाला लागतं. पण चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या छाती-पोटावर, पाठीवर, कानावर किंवा मानेवर डाग असतील तर शंका घ्यायला जागा आहे.

दुसरी गोष्ट भाजण्याची. चहा किंवा गरम पाणी सांडलं तर ओघळ येतात, शिंतोडे उडतात, भाजल्याची कड वेडीवाकडी असते. मोजा घातल्यासारखी सरळ रेघ आणि दोन्ही पाय सारखेच भाजलेले, असं असेल तर कुणी धरून बुडवलं का, हे विचारावं लागतं. विडीचे गोल चटकेही सांडलेल्या चहाने होत नाहीत.

तिसरी गोष्ट हकिकतीची. आई एक सांगते, चुलता दुसरं. नव्या जखमेबरोबर जुन्या, भरत आलेल्या जखमा दिसतात. मूल रडतही नाही, बरोबरच्या माणसाकडे बघून मग उत्तर देतं. म्हणून मुलाशी एकदा तरी एकट्याने, मायेने बोलायला हवं. लैंगिक अत्याचारात तर अंगावर खूण नसतेच, असं पुष्कळदा होतं. पोटात दुखतं, लघवीला जळजळ होते, सुटलेली सवय परत लागून मूल अंथरूण ओलं करतं, एका ठराविक माणसाजवळ जायला तयार होत नाही. एवढंच कळतं.

मात्र शंका म्हणजे गुन्हा नव्हे, हेही तितकंच पक्कं धरा. कित्येक बाळांच्या कमरेवर जन्मतःच निळसर डाग असतात. बिब्बा उतून काळे चट्टे उठतात. मुडदूस झालेल्या मुलाची हाडं लवकर मोडतात. रक्त न गोठण्याचा आजार असला तर जरा दाबलं तरी डाग पडतो. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापल्या लोखंडाने डागतात, त्याला डंबा म्हणतात. तो द्वेषाने नव्हे, बाळ वाचावं म्हणून दिला जातो. पण बाळ भाजतं ते भाजतंच. म्हणून निवाडा तपासणीनंतर करायचा. तो गावाने चावडीवर बसून करू नये.

हेळसांडीचं तर आणखी अवघड आहे. मूल उशिरा आणलं, ही शंकेची एक खूण मानतात. पण आपल्याकडे उशीर कशाने होतो? एसटी गेलेली असते, पैसे उसने मिळायचे असतात, ऊसतोडीच्या फडावरून निघायला मुकादम सोडत नाही. गरिबी वेगळी आणि हेळसांड वेगळी. “उशीर का झाला?” हे दटावून नको, समजून घ्यायला विचारा. ज्या घराला मदत हवी आहे, त्याला गुन्हेगार ठरवू नका.

पण एका हेळसांडीला गरिबीची सबब चालणार नाही, आणि ती आमच्या खात्याच्या अखत्यारीत येते. उरलेलं कीटकनाशक थंड पेयाच्या बाटलीत ओतून खिडकीत ठेवायचं आणि लेकरू ते पिऊन तोंडाला फेस आलेलं दवाखान्यात न्यायचं, हा निव्वळ अपघात म्हणता येत नाही. लेबलावर लाल त्रिकोण असलेलं औषध सर्वांत जहाल. ते मूळ डब्यातच, कुलपात ठेवा. दुर्घटना झालीच तर डबा लेबलासकट डॉक्टरांकडे न्या, उपचार त्यावर ठरतो. कडबाकुट्टीत चारा सारायला आणि पंप पाठीवर घेऊन फवारायला पोरांना लावू नका.

आता कायद्याचं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे बंधन डॉक्टरांपुरतं नाही, तुम्हाआम्हालाही आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. फिर्याद नोंदलेली नसली तरी वैद्यकीय तपासणी करता येते, आणि मुलगी असेल तर ती महिला डॉक्टरनेच करायची असते. “आधी पोलिसांचा कागद आणा” असं सांगून उपचार अडवता येत नाहीत. उपचार सरकारी असो वा खाजगी, दोन्हीकडे मोफत करायचे असतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे ज्याच्या ताब्यात मूल आहे, त्याने मारहाण किंवा जाणूनबुजून हेळसांड केली तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलाला ठेवायचं कुठे, हे बालकल्याण समिती ठरवते.

कायदा आहे, पण रात्री दोन वाजता ड्यूटीवर एकटा तरुण डॉक्टर असतो आणि बाहेर पंधरा माणसं उभी असतात. “डॉक्टरसाहेब, घरचा मामला आहे, एमएलसी कशाला करता? पडला असं लिहा.” हे सांगायला जाणारे कोण असतात? आपणच असतो. पोरीचं लग्न, घराची अब्रू, भाऊबंदकी, सगळं मध्ये येतं. कुंपणच शेत खायला लागलं तर पिकाने जायचं कुणाकडे? अशा वेळी डॉक्टरच्या पाठीशी उभं राहणं, हे गावातल्या शहाण्या माणसाचं काम आहे.

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या अपघात विभागात केसपेपरला जोडून पाच-सहा प्रश्नांचा एक छापील कागद असावा. जखमी होऊन आलेल्या प्रत्येक मुलासाठी तो भरावा, म्हणजे कुणावर बोट ठेवल्यासारखं होणार नाही. रात्रपाळीच्या सिस्टर आणि वॉर्डबॉय यांनाही याचं शिक्षण द्यावं. आधी येऊन गेलेल्या मुलाचा जुना कागद लगेच सापडावा. आणि महिला डॉक्टरची जागा रिकामी असेल तर ती भरावी.

गावाने काय करावं? ग्राम बाल संरक्षण समिती आपल्या गावात आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, हे येत्या ग्रामसभेत सरपंचांना विचारा. आशाताई आणि अंगणवाडीताईंनी एखाद्या घराबद्दल काळजी बोलून दाखवली तर त्यांना गप्प करू नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाला. तो फुकट लागतो आणि दिवसरात्र चालतो. हा नंबर शाळेच्या, दूध डेअरीच्या आणि सोसायटीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. रंगाचा एक डबा पुरेल.