विश्लेषण : गोठलेल्या समुद्रातले तेल आणि अडकलेला पैसा

नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळच्या पानेवाडी येथे तेल कंपन्यांचे मोठे इंधनसाठे आहेत. मुंबईहून भारत पेट्रोलियमच्या वाहिनीने आलेले पेट्रोल आणि डिझेल इथून पुढच्या जिल्ह्यांत जाते. याच कंपनीच्या उपकंपनीचा पैसा आर्क्टिक वृत्तापलीकडच्या एका रशियन तेलक्षेत्रातही गुंतला आहे. तेल निघत असले तरी २०२२ पासून लाभांशाचा मोठा भाग रशियन बँकांतच अडकला आहे. बर्फाच्या प्रदेशात तेल काढणे इतके अवघड का आणि भारतापुढची अडचण नेमकी कोणती, याविषयी...

भारताची गुंतवणूक कुठे आहे?

ओएनजीसी विदेशने २००१ मध्ये रशियाच्या अतिपूर्वेकडील सखालिन-१ प्रकल्पात २० टक्के वाटा घेतला. सखालिन आर्क्टिक वृत्ताच्या दक्षिणेला आहे, पण त्याभोवतीचा ओखोत्स्क समुद्र हिवाळ्यात गोठतो. त्यामुळे तिथली सामग्री आर्क्टिक दर्जाचीच लागते. त्यानंतर २०१६ मध्ये सैबेरियातील व्हँकोर क्षेत्रात ओएनजीसी विदेशने २६ टक्के, तर ऑइल इंडिया, इंडियन ऑइल आणि भारत पेट्रोलियमची उपकंपनी भारत पेट्रोरिसोर्सेस यांनी मिळून २३.९ टक्के वाटा घेतला. व्हँकोर मात्र खऱ्या अर्थाने आर्क्टिकमध्ये आहे.

मुंबई हायवरची रिग तिथे का चालत नाही?

मुंबई हायवर फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल सापडले ते ‘सागर सम्राट’ या जॅक-अप रिगमुळे. अशी रिग ओढून नेतात, तिचे जाळीदार पोलादी पाय समुद्रतळावर टेकवतात आणि तिचा मंच पाण्याच्या वर उचलतात. मुंबई हायवर पाण्याची खोली साधारण ७५ मीटर आहे आणि तिथे धोका असतो पावसाळ्याचा आणि चक्रीवादळांचा. लाटा पायांच्या जाळीतून निघून जातात. बर्फ तसा जात नाही. वाऱ्याने आणि प्रवाहाने सरकणारा जाड थर पायांवर सतत रेटा देतो, जाळीत अडकतो आणि साचत जातो.

थंडीचे परिणाम वेगळेच. साधे पोलाद ठिसूळ होते, यंत्रातले तेल घट्ट होते, तुषार गोठून मंचावर टनावारी बर्फ चढतो. म्हणून आर्क्टिक रिगचा मनोरा आणि कामाची जागा भिंतींनी बंद करून आत ऊब ठेवावी लागते. पण यातून नवा धोका तयार होतो. मुंबई हायवरच्या उघड्या मनोऱ्यात गळलेला वायू वारा उडवून नेतो. बंद जागेत तो साचून स्फोट होऊ शकतो. त्यामुळे ऊब टिकवायची आणि हवाही खेळती ठेवायची, हे दोन्ही एकाच वेळी साधावे लागते.

मग तिथे बांधतात काय?

सखालिन-१ मध्ये याची तीन वेगवेगळी उत्तरे दिसतात. पहिले, पोलाद आणि काँक्रीटचा ‘ओर्लान’ मंच. तो १९८४ मध्ये जपानमध्ये बांधला गेला, अलास्काच्या समुद्रात वापरला गेला आणि २००५ मध्ये सखालिनला बसवला गेला. दुसरे, ‘बेरकूत’ हा सुमारे दोन लाख टनांचा महाकाय मंच. दोन मीटर जाड बर्फ, १८ मीटरच्या लाटा, उणे ४४ अंश तापमान आणि मोठे भूकंप सोसेल, अशी त्याची रचना आहे. काँक्रीटच्या पायाच्या वजनावरच तो तळावर बसून राहतो.

तिसरे उत्तर म्हणजे समुद्रात जायचेच नाही. ‘यास्त्रेब’ ही रिग किनाऱ्यावर उभी राहून जमिनीखालून आडवी विहीर खोदत समुद्राखालच्या तेलापर्यंत पोहोचते. २०१२ मध्ये अशी एक विहीर १२,३७६ मीटर लांबीची झाली. वरच्या बर्फाशी तिचा संबंधच येत नाही.

जमिनीवर काम सोपे असते का?

नाही. व्हँकोर जमिनीवर असले तरी ती जमीन कायम गोठलेली आहे. विहिरीतून वर येणारे कोमट तेल भोवतालचा बर्फ वितळवते आणि जमीन खचू लागते. त्यामुळे विहिरीच्या नळ्यांना उष्णतारोधक आवरण लागते, बांधकाम खोल खांबांवर उभारतात आणि जमीन गोठलेली राहावी यासाठी उष्णता बाहेर काढणाऱ्या नळ्या रोवतात. अवजड सामान नेण्यासाठी हिवाळ्यात बर्फावरचा रस्ता तयार करतात. उन्हाळ्यात तो रस्ताच उरत नाही. वेळेत न पोहोचलेला सुटा भाग मिळायला अनेक महिने थांबावे लागू शकते. व्हँकोरच्याच क्रास्नोयार्स्क प्रांतात नोरिल्स्क येथे मे २०२० मध्ये टाकी फुटून २० हजार टनांहून अधिक डिझेल सांडले. कंपनीने वितळत्या जमिनीकडे बोट दाखवले, तर नियामकाने रचना आणि देखरेखीतल्या त्रुटींकडे.

अपघात झाल्यास काय?

ओखोत्स्क समुद्रातच १८ डिसेंबर २०११ रोजी ‘कोल्स्काया’ ही जॅक-अप रिग वादळात ओढून नेताना बुडाली. तिच्यावरील ६७ जणांपैकी १४ जणच वाचले. पुढच्याच वर्षी ३१ डिसेंबरला शेल कंपनीची ‘कुलुक’ रिग अलास्काच्या किनाऱ्यावर आदळली. दोन्ही दुर्घटना खोदकामात नव्हे, तर हिवाळ्यात रिग हलवताना घडल्या. सुमारे सात अब्ज डॉलर खर्चून शेलने २०१५ मध्ये तिथला शोध सोडला.

विहीर फुटल्यास ती बंद करायला शेजारी दुसरी विहीर खोदावी लागते. त्याआधी समुद्र गोठला, तर हे काम पुढच्या मोसमावर जाऊ शकते, आणि बर्फाखाली पसरलेले तेल गोळा करण्याची खात्रीची पद्धत नाही.

भारताची खरी अडचण कोणती?

भारताकडे वाटा आहे, पण प्रकल्प चालवण्याचे अधिकार नाहीत. सखालिन-१ अमेरिकेची एक्झॉन चालवत होती. युक्रेन युद्धानंतर तिने काम गुंडाळले. बर्फाच्या समुद्रात चालणाऱ्या रशियन टँकरना पाश्चात्त्य विमा मिळेना. दिवसाला सुमारे २ लाख २० हजार पिंपे देणारे हे क्षेत्र मे २०२२ मध्ये जवळपास बंद पडले. विहिरी ठीक होत्या, मंच उभे होते. तेल नेणारी साखळी तुटली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये रशियाने प्रकल्प नव्या कंपनीकडे दिला, ओएनजीसी विदेशने आपला २० टक्के वाटा राखला आणि उत्पादन पुन्हा सुरू झाले.

व्हँकोर चालवणाऱ्या रोसनेफ्टवर अमेरिकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट निर्बंध लादले. तिथले तेल पानेवाडीला येत नाही. भारतीय कंपन्यांना मिळतो तो लाभांश, आणि तोही मायदेशी आणणे कठीण झाले आहे.

पुढे काय?

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने २००८ मध्ये आर्क्टिकमध्ये सुमारे ९० अब्ज पिंपे न सापडलेले तेल असल्याचा अंदाज दिला होता. रशिया नव्या क्षेत्रांसाठी भारताला निमंत्रण देत आला आहे. मात्र पुढचा करार करताना तेल किती आहे एवढेच पाहून चालणार नाही. मंच, सुटे भाग, बर्फात चालणारी जहाजे आणि विमा कोणाच्या हातात आहे, निर्बंध आल्यास वाटा तेलाच्या रूपात घेता येईल का, याची उत्तरे करारातच हवीत. सार्वजनिक कंपन्यांचा पैसा म्हणजे अखेर करदात्यांचा पैसा. सखालिनमध्ये तो बर्फामुळे नव्हे, तर इतरांच्या निर्णयांमुळे अडचणीत आला होता.